आडनाव कोणाचे, डोंगर कोणाचा?

मुंबईच्या नळाला जे पाणी येते त्यातला मोठा वाटा वैतरणा नदीचा आहे, आणि त्या नदीवरच्या एका जलाशयाचे नाव मोडक सागर असे आहे. काही वर्षांपूर्वी एका सभेनंतर एका तरुण कामगाराने आम्हांला विचारले, "भाऊ, मोडक सागर म्हणतात, तर तिथे मोडले काय होते?" सभा हसली. आम्ही मात्र हसलो नाही, कारण उत्तर आम्हांलाही ठाऊक नव्हते. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि सार्वजनिक वाचनालयात जास्त झालेले. दुसऱ्या दिवशी वाचनालय गाठले. तेव्हा कळले की मोडले काहीच नव्हते, उलट बांधले होते. एन. व्ही. मोडक हे मुंबई महापालिकेचे नामांकित अभियंते. आल्बर्ट मेयर ह्यांच्यासह त्यांनी १९४८ साली बृहन्मुंबईच्या विकासाचा आराखडा मांडला. वैतरणेवरचे जे धरण १९५७ पासून मुंबईला पाणी देऊ लागले, त्याच्या जलाशयाला त्यांचे आडनाव मिळाले.

त्या एका प्रश्नाने आम्हांला एक छंद जडला. माणसाचे आडनाव आणि भूमीचे नाव एकच कसे होते, कोणाचे होते आणि कोणाचे होत नाही, हे आम्ही टिपून ठेवू लागलो. छंद म्हणून सुरू झालेली ही गोष्ट पुढे आमच्या कामाच्या, म्हणजे कामगारांच्या भाकरीच्या उपयोगी पडली. ती कशी, ते शेवटी सांगू. आधी विषयाची मांडणी करू.

आडनाव आणि भूगोल ह्यांची देवघेव दोन वाटांनी होते. एका वाटेने भूमीचे नाव माणसाकडे येते, दुसऱ्या वाटेने माणसाचे नाव भूमीकडे जाते. पहिली वाट मराठी माणसाच्या चांगल्या परिचयाची आहे. गावाच्या नावाला 'कर' जोडला की आडनाव तयार होते. सिंधुदुर्गातल्या परुळे गावावरून परुळेकर, पेडण्यावरून पेडणेकर, मंगेशीवरून मंगेशकर. डोंगरे, पठारे ह्यांसारख्या आडनावांत तर गावाऐवजी डोंगर आणि पठारच ऐकू येते.

आता आमच्या भागाचे उदाहरण घेऊ. डहाणूवरून डहाणूकर हे आडनाव झाले. झाडाफुलांवर जिव्हाळ्याने लिहिणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर पुष्कळांनी वाचल्या असतील. विलेपार्ल्याचे डहाणूकर महाविद्यालय मुंबईकरांना माहीत आहे. आणि पुण्यात कोथरूडला डहाणूकर कॉलनी आहे. म्हणजे पाहा, डहाणू हे आधी गावाचे नाव, ते माणसाला चिकटून आडनाव झाले, आणि त्या आडनावाने दीडदोनशे किलोमीटर दूर पुण्यात पुन्हा एका जागेचे नाव झाले. डहाणूकर कॉलनीत राहणाऱ्या कित्येकांनी डहाणू पाहिलेही नसेल, पण डहाणू त्यांच्या पत्त्यात आहे.

ह्या 'कर'बद्दल एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. परुळ्यात राहणाऱ्याला परुळेकर म्हणण्याची गरजच काय? तिथे सगळेच परुळ्याचे. गाव सोडून माणूस दुसरीकडे गेला, तिथल्या लोकांनी 'तुम्ही कुठले?' असे विचारले, की मग 'कर' लागतो. म्हणून 'कर' हा स्थायिकाचा शब्द दिसत असला तरी पुष्कळदा तो स्थलांतराचा शब्द आहे. व्यापारासाठी, वतनासाठी, नोकरीसाठी जे बाहेर पडले त्यांनी गाव आडनावात बांधून नेले. जे शेतावर, सावकाराच्या दारात, जंगलात जागच्या जागी राबत राहिले त्यांना तो लागला नाही.

आमचे काम तलासरी तालुक्यातल्या उधवा गावाच्या आसपासचे. उधवा हे दादरा-नगर हवेलीच्या हद्दीजवळचे, वारली वस्तीचे गाव. इतक्या वर्षांत आम्हांला एकही 'उधवेकर' भेटला नाही. इथल्या वारल्यांची आडनावे कुळांची आहेत : धोडी, वांगड, गांगड, कोम, वरठा, मशे. ती गावाच्या नावावरून पडलेली नाहीत. उलट वस्तीचे नाव कुळावरून पडावे, एखाद्या पाड्याला तिथे पहिले खोपट घालणाऱ्या घराण्याचे आडनाव मिळावे, ही इकडची रीत. म्हणजे आमच्याकडे दुसरी वाट चालते : माणसाचे नाव भूमीला. मात्र ते नाव लोकांच्या तोंडी राहते, छापील नकाशावर क्वचितच चढते.

छापील नकाशावर कोणाची नावे चढली? त्यासाठी इंग्रज अमदानीकडे वळावे लागेल. १८२७ ते १८३० ह्या काळात सर जॉन माल्कम मुंबईचे गव्हर्नर होते, म्हणून महाबळेश्वरच्या पेठेला माल्कम पेठ म्हणू लागले. तिथल्याच एका कड्याला लॉडविक ह्या लष्करी अधिकाऱ्याचे नाव आहे. माथेरान १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट ह्यांनी 'शोधून काढले' असे पुस्तकांत लिहितात, आणि तिथल्या एका झऱ्याला मॅलेट ह्यांचे नाव आहे. ज्या डोंगरावर धनगर, ठाकूर, कातकरी आधीपासून वावरत होते तो डोंगर 'शोधला' जातो, हे आम्हांला नेहमीच नवलाचे वाटत आले आहे. ठाकराने झरा शोधला नव्हता, तो नुसता त्याचे पाणी पीत होता!

धरणांचीही तीच कथा. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि त्याला गव्हर्नर विल्सन ह्यांचे नाव मिळाले. नीरेच्या खोऱ्यातल्या भाटघरच्या जुन्या जलाशयाला व्हाइटिंग ह्या अभियंत्याचे नाव होते, पुढे झालेल्या मोठ्या धरणाला गव्हर्नर लॉइड ह्यांचे. खडकवासल्याच्या तळ्याला कर्नल फाइफ ह्यांचे नाव होते. स्वातंत्र्यानंतर ही नावे मागे पडत गेली. फाइफ जाऊन खडकवासला हे गावाचे नाव उरले. भाटघरच्या जलाशयाला शिवाजी महाराजांचे साथी येसाजी कंक ह्यांचे नाव आले, आणि मोसे नदीवरच्या वरसगावच्या जलाशयाला त्याच मोसे खोऱ्याचे देशमुख बाजी पासलकर ह्यांचे. ह्या शेवटच्या नावात आम्हांला विशेष औचित्य वाटते. खोऱ्याचा माणूस आणि त्याच खोऱ्याचे पाणी, दोघांची इथे गाठ पडली. मुळशीला मात्र उलटे झाले. तिथे तळ्याला गावाचे नाव राहिले आणि जमिनी पाण्याखाली गेल्या. त्या जमिनींसाठी १९२१ साली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला, सेनापती बापट त्याचे पुढारी. नाव वाचले म्हणजे माणूस वाचला असे नाही, हे मुळशीने शिकविले.

नावे नेहमी सत्तेनेच पडतात असेही नाही, विद्येनेही पडतात. आपल्या अरबी समुद्राच्या तळाशी डोंगर आहेत. त्यांपैकी एका रांगेला चंद्रशेखर वेंकट रामन ह्यांचे, एका शिखराला सागरशास्त्रज्ञ पणिक्कर ह्यांचे, आणि सपाट माथ्याच्या एका डोंगराला भूशास्त्रज्ञ दा. नो. वाडिया ह्यांचे आडनाव आहे. समुद्राच्या तळाशी कोणाचीच वस्ती नाही, त्यामुळे तिथे नाव देताना कोणाचे नाव पुसावे लागत नाही. जमिनीवर तसे होत नाही.

जमिनीवर काय होते ह्याचे सर्वांत उंच उदाहरण एव्हरेस्ट. सर जॉर्ज एव्हरेस्ट हे १८३० ते १८४३ पर्यंत हिंदुस्थानचे सर्व्हेअर जनरल. मोठे कष्टाळू आणि काटेकोर गृहस्थ. परंतु ज्या शिखराला त्यांचे आडनाव आहे त्याची मोजणी ते विलायतेला परतल्यानंतरची. तेव्हा त्या शिखराला नुसता क्रमांक होता, पंधरा. निरनिराळ्या ठाण्यांवरून घेतलेल्या कोनांचे गणित कलकत्त्याला होत असे आणि तिथले मुख्य गणक होते राधानाथ सिकदार. हे शिखर सर्वांत उंच असल्याचा हिशेब १८५२ साली त्यांच्याकडे लागला असे मानले जाते. १८५६ साली एव्हरेस्ट ह्यांच्या गादीवर आलेल्या अँड्र्यू वॉ ह्यांनी उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर केली आणि आपल्या आधीच्या साहेबाचे नाव सुचविले. खुद्द एव्हरेस्ट ह्यांनी हरकत घेतली होती. हे नाव तिकडच्या लोकांना उच्चारता यायचे नाही आणि त्यांच्या लिपीत लिहिता यायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. तरी १८६५ साली लंडनच्या भूगोल मंडळाने तेच नाव कायम केले. तिबेटी लोक त्याला चोमोलुंग्मा म्हणत होते. नेपाळात आज सगरमाथा म्हणतात.

सिकदारांचे नाव शिखराला मिळाले नाही म्हणून पुष्कळजण हळहळतात. आम्हांला सिकदारांची आठवण निराळ्या कारणाने येते. १८४३ साली ते डेहराडूनला मोजणी खात्यात होते. व्हॅन्सिटार्ट नावाच्या मॅजिस्ट्रेटने खात्याच्या मजुरांकडून आपले सामान फुकट वाहून घेतले. सिकदारांनी ते सामान अडवून ठेवले आणि वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. खटला झाला आणि त्यांनाच दोनशे रुपये दंड झाला. दोनशे रुपये त्या काळी थोडे नव्हते. शिखरावर नाव नसले तरी हमालाच्या बाजूने भरलेला हा दंड आमच्या लेखी कोणत्याही शिखराहून कमी नाही.

वेठ हा शब्द आला की मन पुन्हा आमच्या तालुक्यात येते. तलासरी तालुक्यात झरी नावाचे गाव आहे. झरी म्हणजे पाण्याचा लहान झरा, गावाच्या नावातच भूगोल. १९४५ सालच्या मे महिन्यात तिथे वारल्यांची मोठी सभा भरली आणि वेठबिगार व लग्नगडी ह्या दोन्ही पद्धती झुगारून द्यायचे ठरले. लग्नासाठी घेतलेल्या थोड्याशा कर्जापायी जन्मभर, नवराबायको दोघांनी, जमीनदाराच्या दारात राबायचे, ह्याला लग्नगडी म्हणत. ह्या लढ्याचे पुढारीपण शामराव आणि गोदावरी परुळेकर ह्यांनी केले. बाईंचे नावच पाहा : पहिले नाव नदीचे, आडनाव गावाचे. गोदावरी सह्याद्रीपलीकडची, परुळे सिंधुदुर्गातले, आणि त्या नावाची बाई उभी राहिली ती डहाणू-उंबरगावच्या जंगलात. त्यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक १९७० साली निघाले आणि त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९४५ च्या ऑक्टोबरात तलवाड्याला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण पडले, त्यांत जेठ्या गांगड होते. परुळेकर हे आडनाव परुळे गावाने जपले आहे. गांगड हे आडनाव मस्टरवर, रेशनकार्डावर आणि लोकांच्या आठवणीत आहे. बाहेरचे जग मात्र ह्या सगळ्या आडनावांना एकच शब्द वापरते : वारली.

'वारल' म्हणजे कसलेल्या जमिनीचा लहान तुकडा, त्यावरून वारली, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती खरी असेल तर जमातीचे नावही जमिनीचेच. भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रे आज जगभर जातात. पण डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या ज्या माणसाने ती जगापुढे नेली, ज्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, त्या जिव्या सोमा मशे ह्यांचे आडनाव किती जणांना आठवते? चित्राला जमातीचे नाव, आडनाव चौकटीबाहेर.

इथे एक इशारा देऊन ठेवतो, कारण छंदिष्ट माणसे नावांच्या सारखेपणावरून भलतीच नाती जोडतात. उधवा नावाची आणखी एक जागा झारखंडात साहिबगंज जिल्ह्यात आहे. तिथे पक्ष्यांसाठी प्रसिद्ध असलेले उधवा सरोवर असून २०२५ साली त्याला रामसर यादीत स्थान मिळाले. तिथल्याच उधवा नाल्याकाठी १७६३ साली इंग्रजांनी मीर कासिमचा पराभव केला. तिकडचे लोक ते नाव कृष्णाचा सखा उद्धव ह्याच्याशी जोडतात. पण तेवढ्यावरून आमच्या उधव्याला उद्धवाची कथा चिकटवू नये. नाव सारखे असणे हा दुवा असू शकतो, पुरावा नव्हे. पुराव्यासाठी कागद लागतो, नाहीतर जाणत्या माणसाची साक्ष लागते.

आता ज्या गोष्टीसाठी हे सारे सांगितले तिच्याकडे येतो. उधवा भागातला एक तरुण सीमेपलीकडच्या एका कारखान्यात कंत्राटदाराकडे कामाला होता. यंत्रात त्याच्या उजव्या हाताची तीन बोटे गेली. १९२३ च्या भरपाईच्या कायद्याखाली आम्ही मागणी केली, तेव्हा उत्तर आले की ह्या नावाचा कामगार आमच्याकडे नव्हताच. आम्ही मस्टर मागवले. त्यात त्याचे पहिले नाव होते, आणि आडनावाच्या जागी लिहिले होते 'उधवा'. मुकादमाने पहिल्या दिवशी विचारले असेल, 'कुठला?' पोराने सांगितले, 'उधव्याचा.' झाले, तेच आडनाव. पगाराच्या दुसऱ्या एका पावतीवर 'वारली' होते. रेशनकार्डावर कुळाचे खरे आडनाव होते, पण त्यातही एक अक्षर चुकलेले. एक माणूस आणि तीन आडनावे.

ज्या रीतीने डहाणूचा माणूस डहाणूकर झाला त्याच रीतीने हा पोरगा 'उधवा' झाला होता. फरक इतकाच की पहिल्याला ते नाव प्रतिष्ठा देऊन गेले, आणि ह्याची बोटांची किंमत त्या नावाने बुडण्याच्या बेतात होती. पाड्यावरचे अकरा सोबती साक्षीला उभे राहिले, प्रतिज्ञापत्रे झाली, तीन नावांची व्यक्ती एकच असल्याचे दाखले गोळा केले. जवळजवळ दोन वर्षांनी पैसे मिळाले. त्या दोन वर्षांत त्याच्या बायकोने वीटभट्टीवर काम केले. तेव्हापासून कोणी कामगार युनियनच्या कचेरीत आला की वर्गणीच्या आधी आम्ही त्याचे आडनाव नीट, काना-मात्रेसह लिहून घेतो आणि मस्टरवर कसे लिहिले आहे ते बघून यायला सांगतो.

जमिनीच्या बाबतीत तर ह्याहून अधिक काही पणाला लागते. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली फॉरेस्ट प्लॉट कसणाऱ्यांना ग्रामसभेपुढे दावा करता येतो. त्याच्या नियमांत सरकारी कागदांबरोबर आणखी काही पुरावे मान्य केले आहेत : जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थाने, जुन्या नोंदींतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लिहून घेतलेले निवेदन. मात्र एकाहून अधिक पुरावे जोडावे लागतात. आता विचार करा. एखाद्या विहिरीला, बांधाला, पाड्याला अमुक कुळाच्या नावाने ओळखतात असे म्हाताऱ्याने सांगितले, वंशावळीत तेच कूळ निघाले आणि विहीर जागेवर आहे, तर तोंडी नाव, कागदावरचे नाव आणि जागा हे तिन्ही एकमेकांना साक्ष देतात. माणसाचे आडनाव आणि भूमीचे नाव एक असणे ही मग गंमत राहत नाही, दाव्याला आधार होतो. उलट कागदावर आडनावाऐवजी नुसते 'वारली' असले तर ती साखळी तिथेच तुटते.

म्हणून एव्हरेस्टच्या शिखरावरून आम्ही पाड्याच्या विहिरीपर्यंत उतरलो. मोठ्यांची नावे धरणांवर, कड्यांवर, समुद्राच्या तळाशीही सुरक्षित आहेत. ती पुसली गेली तरी ग्रंथांत राहतील. ओढ्यांना, टेकाडांना, शेतांना, पाड्यांना जी कुळांची नावे आहेत ती म्हाताऱ्या माणसांच्या जिभेवर आहेत, आणि ती माणसे दर पावसाळ्यात कमी होत आहेत.

उधव्याकडच्या पोरांना आम्ही एक काम दिले आहे. शाळेची वही घ्यायची, आजोबांना बरोबर घेऊन शिवार फिरायचे, प्रत्येक विहिरीपाशी, नाल्यापाशी, देवाच्या दगडापाशी थांबायचे आणि विचारायचे, 'ह्याला काय म्हणतात, आणि का?' जे सांगतील ते त्यांच्याच बोलीत, तारीख घालून, सांगणाऱ्याचे नाव घालून लिहायचे. शहरातल्या श्रोत्यांनाही आमचे हेच सांगणे आहे. ज्या गावावरून तुमचे आडनाव पडले ते गाव एकदा पाहून या. आणि तुमच्या इमारतीवर, रस्त्यावर, भट्टीवर जो माणूस राबतो आहे, त्याला 'कुठला?' एवढेच विचारून थांबू नका. त्याचे आडनाव विचारा, आणि तो सांगेल तसेच लिहा.